आपला खासदार संसदेत नेमकं काय बोलला हे स्वतः कसं शोधायचं आणि कसं वाचायचं

निवडणूक जवळ आली की खासदारांचे कार्यअहवाल घरोघरी येतात, त्यात "संसदेत इतके प्रश्न विचारले, अमुक विषयावर आवाज उठवला" असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, आणि समोरची पार्टी सांगत असते की या माणसानं पाच वर्षं तिथे तोंडच उघडलं नाही. यातलं खरं काय ते आपल्याला घरबसल्या आणि फुकट बघता येतं, कारण लोकसभेत आणि राज्यसभेत बोललेला जवळजवळ प्रत्येक शब्द लिहून ठेवतात आणि तो सगळ्यांना खुला असतो. तरी बहुतेक लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चाळीस सेकंदांची क्लिप बघून मत बनवतात, आणि थोडे उत्साही असतील ते हजेरी किती टक्के, प्रश्न किती, एवढे आकडे बघून थांबतात. माझं म्हणणं असं की आकडे बघा जरूर, पण खासदार कळतो तो एकच विषय धरून त्याचं पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या मतापर्यंत सगळं वाचल्यावर. ते कसं करायचं ते सांगतो.

सुरुवात कुठून करायची

संसद डॉट इन ही आता दोन्ही सभागृहांची एकत्र वेबसाइट आहे. तिथे आधी लोकसभा की राज्यसभा ते निवडायचं, मग सदस्यांच्या यादीत जाऊन राज्य महाराष्ट्र निवडलं की लोकसभेचे 48 आणि राज्यसभेचे 19 इतकीच नावं राहतात. सर्च करताना इंग्रजी स्पेलिंग लागतं आणि आपल्या आडनावांची स्पेलिंगं एकेक जण वेगळी लिहितो, म्हणून पूर्ण नाव टाकत बसू नका, आडनावाची पहिली चार अक्षरं टाका. सदस्याच्या पानावर त्याचे प्रश्न, चर्चेतला सहभाग, खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या सदस्यानं स्वतः मांडलेली) आणि तो कुठल्या समितीवर आहे हे सापडतं. जुना खासदार बघायचा असेल तर संसदेची डिजिटल लायब्ररी वेगळी आहे, तिथे 1952 च्या पहिल्या लोकसभेपासूनच्या चर्चा आणि त्याच्याही आधीच्या संविधान सभेच्या चर्चा आहेत. फक्त जुनी पानं स्कॅन केलेली असल्यामुळे आतला शब्द सर्चमध्ये दर वेळी सापडेलच असं नाही, तारीख माहीत असेल तर काम लवकर होतं.

दुसरी जागा म्हणजे पीआरएस, ही 2005 पासून संसदेच्या कामावर काम करणारी संस्था आहे. त्यांच्या साइटवर प्रत्येक खासदाराची हजेरी, किती चर्चांत भाग घेतला, किती प्रश्न, किती खासगी विधेयकं हे एका पानावर मिळतं, आणि राज्याची आणि देशाची सरासरीही शेजारी दिलेली असते. सुरुवातीला इथे एक नजर टाकावी.

पण नजर टाकताना काही गोष्टी माहीत पाहिजेत. हजेरी म्हणजे त्या दिवशी रजिस्टरमध्ये सही झाली, बास, तो सभागृहात दहा मिनिटं बसला की आठ तास ते त्यातून कळत नाही. मंत्री आणि विरोधी पक्षनेते हे हजेरीच्या रजिस्टरवर सही करत नाहीत, त्यामुळे त्यांची हजेरी कोरी दिसते म्हणून "आमचे मंत्री संसदेत जातच नाहीत" असा निष्कर्ष काढू नका. मंत्री प्रश्नही विचारत नाहीत, ते उत्तरं देतात. म्हणजे आपला खासदार मंत्री असेल तर त्याचं काम त्याच्या उत्तरांत आणि त्यानं मांडलेल्या विधेयकांत शोधायचं. आणि एखादा खासदार मध्येच मंत्री झाला असेल तर त्याच्या आधीच्या काळाचेच आकडे बाकीच्यांशी ताडून बघा.

प्रश्न: संख्या किती यापेक्षा कुठल्या खात्याला

प्रश्न दोन प्रकारचे. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर लगेच उपप्रश्न विचारता येतात, अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर येतं. लोकसभेत एका दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न यादीत घेतात, कुठले ते बॅलटनं म्हणजे चिठ्ठ्या काढून ठरतं. त्यामुळे तारांकित प्रश्न लागणं हा बराचसा नशिबाचा भाग आहे, आणि लागला तरी एका तासात वीसच्या वीस प्रश्न होत नाहीत, पहिले चार-पाच किंवा थोडे जास्त होतात, उरलेल्यांची उत्तरं लेखी धरली जातात. म्हणून "तारांकित कमी आहेत" यावरून खासदाराला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

अजून एक. प्रश्न उघडलात की वर नावं बघा. बऱ्याचदा एकाच प्रश्नावर पाच-सहा खासदारांची नावं असतात, कारण सारख्या विषयाच्या नोटिसा एकत्र करतात, आणि तो प्रश्न प्रत्येकाच्या खात्यात एकेक म्हणून मोजला जातो. प्रश्नांचा आकडा मोठा दिसतो त्याचं हे एक कारण.

आता उदाहरण म्हणून कांदा घेऊ, कारण निर्यातीचं धोरण दिल्लीत ठरतं आणि परिणाम आपल्याकडे होतो. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रानं कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदीच केली, मे 2024 मध्ये बंदी उठवली पण टनामागे 550 डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी भावानं निर्यात करता येत नाही) आणि 40 टक्के शुल्क ठेवलं, सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य काढून शुल्क 20 टक्क्यांवर आणलं आणि ते उरलेलं शुल्क 1 एप्रिल 2025 पासून गेलं. या दीड-पावणेदोन वर्षांत नाशिक, नगर, पुणे, सोलापूर या कांद्याच्या पट्ट्यातल्या खासदारांनी काय केलं ते बघायचं असेल तर प्रश्नांच्या सर्चमध्ये इंग्रजीत कांदा हा शब्द टाका आणि खात्याचा रकाना रिकामाच ठेवा. हे महत्त्वाचं आहे, कारण लोक कृषी खातं निवडतात आणि मग काही सापडत नाही म्हणतात. कांद्याचं उत्पादन कृषी खात्याकडे, निर्यातबंदी वाणिज्य खात्याकडे, शुल्क अर्थ खात्याकडे, आणि नाफेड, एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत राखीव साठ्यासाठी (बफरसाठी) होणारी खरेदी ग्राहक व्यवहार खात्याकडे, असा एकच कांदा चार खात्यांत विभागलेला आहे.

आणि इथेच खासदाराचा अभ्यास कळतो. निर्यातबंदीबद्दल कृषी मंत्र्याला विचारलं तर गोल उत्तर येणार हे ठरलेलं. ज्याला विषय माहितीय तो वाणिज्य मंत्र्याला विचारतो की बंदी घालताना साठ्याचा कुठला आकडा धरला होता, ग्राहक व्यवहार खात्याला विचारतो की बफरसाठी किती खरेदी केली, काय भावानं केली, शेतकऱ्याकडून थेट की मधल्या कंपन्यांकडून. प्रश्नाचे क, ख, ग असे भाग असतात ते वाचा. "सरकारला याची कल्पना आहे का, असल्यास काय पावलं उचलली" एवढाच प्रश्न असेल तर तो कुठल्याही विषयाला चिकटवता येतो, आणि असे प्रश्न भरपूर असतात. ज्या प्रश्नात तारीख, योजना, जिल्हा, रक्कम यातलं काहीतरी नेमकं मागितलंय तो प्रश्न कुणीतरी बसून तयार केलेला असतो.

उत्तरही वाचा. मंत्र्यानं "माहिती गोळा केली जात आहे आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल" असं म्हटलं असेल तर ते आश्वासन धरलं जातं आणि ते साधारण तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, त्यावर लक्ष ठेवायला शासकीय आश्वासनांची समिती आहे. चांगला खासदार इथे सोडत नाही, पुढच्या अधिवेशनात तोच धागा पकडून पुन्हा विचारतो. एकाच विषयावर दोन-तीन अधिवेशनांत वाढत गेलेले प्रश्न दिसले तर तो माणूस काम करतोय असं खुशाल समजा, मग त्याचा एकूण आकडा कमी का असेना.

भाषण वाचताना

चर्चेचा पूर्ण मजकूर दिवसाच्या हिशेबानं पीडीएफमध्ये मिळतो, एकेका दिवसाची कित्येक पानं असतात, घाबरून जायचं नाही, खासदाराच्या पानावरून गेलं की त्याचा भाग सापडतो. जो हिंदीत बोलला त्याचं हिंदीत, इंग्रजीत बोलला त्याचं इंग्रजीत. आपले काही खासदार मराठीत बोलतात, सभागृहात त्याचं लगेच भाषांतर ऐकायची सोय आहे, पण छापील मजकुरात बऱ्याचदा त्याचं इंग्रजी भाषांतर येतं आणि खाली तारांकन करून मूळ भाषण मराठीत झालं असं लिहिलेलं असतं. मूळ मराठी ऐकायचं असेल तर संसद टीव्हीच्या यूट्यूबवर त्या दिवसाचं कामकाज काढा.

मजकूर वाचताना एक खूण नीट बघा. काही भाषणांखाली छोट्या अक्षरात "पटलावर ठेवलेलं भाषण" अशी टीप असते. याचा अर्थ ते भाषण सभागृहात झालंच नाही, वेळ नव्हता म्हणून लेखी दिलं आणि ते रेकॉर्डवर घेतलं. यात गैर काही नाही, परवानगीनंच होतं, पण कार्यअहवालात "सभागृहात घणाघाती भाषण केलं" लिहिलं असेल आणि इथे ही टीप असेल तर फरक आपल्याला कळला पाहिजे. तसंच मजकुरात मध्येच "व्यवधान" दिसेल म्हणजे गोंधळ, आणि काही ठिकाणी टिंबटिंब किंवा तारांकन करून शब्द गाळलेले दिसतील. लोकसभेत नियम 380 खाली अध्यक्ष एखादा शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात. मग क्लिपमध्ये एक ऐकू येतं आणि मजकुरात ते नसतं, त्यामुळे कोणी बनावट क्लिप केली असं लगेच समजू नका, आधी रेकॉर्ड बघा.

खासदार कुठल्या प्रसंगी बोलला यालाही वजन आहे. शून्य प्रहरात तातडीचा मुद्दा मांडता येतो, दोन-तीन मिनिटं मिळतात, मंत्र्यानं उत्तर द्यायचं बंधन नसतं. नियम 377 खाली मतदारसंघाचा किंवा इतर विषय लेखी मजकुरातून मांडतात, उत्तर नंतर पत्रानं येतं. "आवाज उठवला" यातलं बरंचसं या दोन प्रकारांत बसतं, ते उपयोगाचं आहेच, पण राष्ट्रीय धोरणावरचं खरं काम दिसतं विधेयकावरच्या चर्चेत, अर्थसंकल्पात एखाद्या खात्याच्या अनुदान मागण्यांवरच्या म्हणजे खर्चाच्या मागण्यांवरच्या चर्चेत आणि नियम 193 खालच्या म्हणजे मतदान न होणाऱ्या अल्पकालीन चर्चेत. तिथे पक्षाला त्याच्या संख्येप्रमाणे वेळ मिळतो आणि पक्ष ठरवतो कोण बोलणार. म्हणजे एखाद्या मोठ्या विधेयकावर आपला खासदार बोलला नाही याचं कारण पक्षानं त्याचं नाव दिलं नाही हेही असू शकतं, छोट्या पक्षाचा असेल तर तीन मिनिटांत त्याला सगळं मांडावं लागतं. मोठ्या पक्षाच्या पहिल्या वक्त्याची अर्ध्या तासाची मांडणी आणि याची तीन मिनिटं एका तराजूत टाकणं बरोबर नाही.

भाषण चांगलं की नुसतं जोरदार हे ओळखायला मी तीन गोष्टी बघतो. एक, त्यानं विधेयकाच्या कुठल्या कलमाबद्दल बोललंय का, की पहिल्यापासून शेवटपर्यंत समोरच्या पक्षाचा इतिहासच काढलाय. दोन, शेवटी काही ठोस मागणी आहे का, हा शब्द बदला, ही मर्यादा वाढवा, हे समितीकडे पाठवा असं काही. तीन, आणि ही मला सगळ्यात मोलाची वाटते, चर्चेच्या शेवटी मंत्र्याचं उत्तर असतं ते उघडा आणि त्यात आपल्या खासदाराचं नाव शोधा. मंत्र्यानं नाव घेऊन मुद्द्याला उत्तर दिलं असेल, खोडून काढलं असेल तरीसुद्धा, याचा अर्थ मुद्दा लागला. पक्षाच्या बाकांवरून टाळ्या पडणाऱ्या भाषणांना मंत्री एका वाक्यात गुंडाळून टाकतो.

त्याच्याही पुढे जाऊन दुरुस्त्या बघा. विधेयक कलमवार मंजूर होताना कुठल्या सदस्यानं कुठल्या कलमाला दुरुस्ती सुचवली ते मजकुरात असतं. विरोधी खासदाराच्या दुरुस्त्या बहुतेक वेळा फेटाळल्या जातात, पण दुरुस्ती लिहायला विधेयक ओळ न् ओळ वाचावं लागतं, त्यामुळे फेटाळलेली दुरुस्तीसुद्धा केलेल्या कामाचा पुरावाच आहे.

खासगी विधेयकांचंही तेच. शुक्रवारी दुपारी शेवटचे अडीच तास त्यांच्यासाठी असतात, आणि आजपर्यंत फक्त 14 खासगी विधेयकांचे कायदे झाले, शेवटचा 1970 मध्ये. तेव्हा "एकही विधेयक मंजूर झालं नाही" हा आरोप निरर्थक आहे. राजापूरचे खासदार नाथ पै आठवा. 1967 मध्ये सुप्रीम कोर्टाचा गोलकनाथ निकाल आला की संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, त्यावर नाथ पैंनी त्याच वर्षी घटनादुरुस्तीचं खासगी विधेयक आणलं, ते संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर देशभर वाद झाला, बाजूनं आणि विरोधात. विधेयक मंजूर झालं नाही. जानेवारी 1971 मध्ये नाथ पै गेले आणि त्याच वर्षी सरकारनं 24 वी घटनादुरुस्ती करून संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट केला. आजच्या आकड्यांच्या पानावर त्यांच्यासमोर "मंजूर विधेयकं शून्य" एवढंच आलं असतं.

मत कुठे पडलं

भाषण वाचलं की मत बघायचंच, पण मत दर वेळी सापडत नाही. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं होतात, होय म्हणणारे जास्त की नाही म्हणणारे ते आवाजावर ठरतं आणि नावांची यादी राहतच नाही. मतविभागणी झाली, म्हणजे प्रत्येकाचं मत मोजलं गेलं, तरच नावं मिळतात. शेतीच्या तीन कायद्यांपैकी दोन 20 सप्टेंबर 2020 ला राज्यसभेत आवाजी मतदानानं झाले, विरोधक मतविभागणी मागत होते, ती झाली नाही, त्यामुळे त्या दिवशी कुठल्या खासदारानं काय मत दिलं याची यादी नाही. आणि 29 नोव्हेंबर 2021 ला तिन्ही कायदे मागे घेतले तेव्हा लोकसभेत चर्चाच झाली नाही, म्हणजे एवढ्या मोठ्या विषयावर त्या दिवशीचं खासदाराचं भाषण शोधत बसलात तर मिळणार नाही, त्याचं म्हणणं 2020 च्या चर्चेत आणि मधल्या प्रश्नांत शोधावं लागेल.

घटनादुरुस्तीला मात्र विशेष बहुमत लागतं, त्यामुळे तिथे मतविभागणी होतेच. महिला आरक्षणाचं विधेयक 20 सप्टेंबर 2023 ला लोकसभेत 454 विरुद्ध 2 असं मंजूर झालं. ती दोन मतं एमआयएमच्या असदुद्दीन ओवेसी आणि आपल्याकडचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांची. नुसती यादी बघितली तर वाटेल हे दोघं महिलांच्या आरक्षणाच्या विरोधात. चर्चा वाचली की कळतं त्यांचा आक्षेप ओबीसी आणि मुस्लिम महिलांना आतमध्ये कोटा नाही यावर होता. आणि त्याच दिवशी सोनिया गांधींनी भाषणात ओबीसी महिलांसाठी तरतुदीची मागणी केली होती आणि त्यांचा पक्ष विधेयकाच्या बाजूनं गेला. मागणीचा एक भाग सारखा आणि मतं उलटी. म्हणून भाषण आणि मत दोन्ही शेजारी ठेवूनच वाचायचं. वर पक्षाचा व्हिप म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश असतो, 1985 च्या पक्षांतरबंदीमुळे व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते, त्यामुळे मत हे बऱ्याचदा पक्षाचं असतं आणि भाषणात कुठेतरी माणसाचं स्वतःचं म्हणणं डोकावतं.

रेकॉर्ड कोरं दिसलं तरी कारण शोधा. डिसेंबर 2023 च्या हिवाळी अधिवेशनात लोकसभेतले 100 आणि राज्यसभेतले 46 खासदार निलंबित होते, आणि हे अधिवेशन कांद्याच्या निर्यातबंदीच्या काळातलंच. त्या शेवटच्या दिवसांत एखाद्याच्या नावावर काहीच नसेल तर आधी निलंबनाची यादी बघा मग बोला. सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, तिथे तारांकित शून्य असणारच.

समित्यांकडे बहुतेक कोणी बघत नाही. खात्यांशी जोडलेल्या 24 स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत 31 जण, लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10. बैठका बंद दाराआड होतात, टीव्हीवर दिसत नाहीत, पण अहवाल छापला जातो आणि अहवालाच्या शेवटी बैठकांचं इतिवृत्त जोडलेलं असतं, त्यात त्या दिवशी कोण हजर होतं त्यांची नावं असतात. एखाद्या सदस्यानं असहमती नोंदवणारी भिन्नमत पत्रिका दिली असेल तर तीही तिथेच. शांतपणे काम करणारा खासदार इथे सापडतो.

खासदाराकडून प्रश्न विचारून घ्यायचा असेल तर

हे सगळं वाचून तुमच्या विषयावर कोणीच नीट विचारलेलं नाही असं दिसलं तर खासदाराला प्रश्न सुचवता येतो, त्याचा ईमेल आणि पत्ता त्याच्याच पानावर असतो. "आमच्या भागाचा प्रश्न मांडा" असं मोघम पत्र बाजूला पडतं. प्रश्न तयार करूनच पाठवा: खातं कुठलं ते आधी शोधा, राज्य सरकारच्या किंवा नगरपालिकेच्या अखत्यारीतला विषय नको कारण तो नाकारला जातो, मजकूर 150 शब्दांच्या आत, क-ख-ग असे भाग पाडून, आणि त्याच विषयावर आधी आलेलं एखादं लेखी उत्तर त्याच्या तारखेसह आणि क्रमांकासह जोडा म्हणजे त्याच्या ऑफिसला शोधाशोध नको. नोटीस किमान 15 दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात पाठवा, आणि अधिवेशन सुरू झाल्यावर प्रश्नांच्या यादीत त्या खात्याचा उत्तरं द्यायचा वार बघून आपला प्रश्न लागलाय का ते तपासत राहा.